मोठी भरती

धवल भरतीत गेला हे कळताच त्याच्या आईने बोळिंजच्या सोसायटीत पेढे वाटले.

पण ते अजून व्हायचं आहे. अजून सकाळ आहे आणि धवल बांधावर बसून बुटातली माती झटकतोय. मागून जयवंतकाका, लतिकाकाकू आणि सोसायटीतली काही गुडघेदुखी मंडळी येताहेत. महिन्यातून एका रविवारी ही सगळी आरोग्यासाठी दिवसभर दमायची. आज भातखाचरांतून, खाजणाच्या कडेकडेने अर्नाळ्याला पोचून मासे खायचा बेत होता.

धवल मात्र सरावाला आला होता. प्रत्येक भरतीत तो पळण्यात थोडक्यात राहायचा आणि या वर्षी त्याचं वय संपत होतं. आई हल्ली त्याच्याकडे बघण्याआधी कॅलेंडरकडे बघायची.

कापणी झालेली शेतं संपली आणि समोर खाजण पसरलं. खारं, सपाट, राखाडी. नजर टेकवायला एक झाड नाही. काठावर गावातली प्रेमलता घाईघाईने फावड्याने बांधाला चिखल थापत होती.

“ताई, एवढी कसली घाई?” धवलने विचारलं.

“भरती हाय आज. मोठी.”

धवल उभा राहिला.

“कुठे?”

“कुठं म्हंजे? ह्या समोरच्या खाजनात. बारापर्यंत सगलं भरतं.”

“किती जणांना घेणार?”

मस्करी समजून ती हसली. “गावेल त्याला घेते. तिला काय!”

“छाती बघतात?”

“छातीच्या वर जाते अशा दिवशी,” म्हणत ती चिखल आणायला बांधापलीकडे उतरली.

धवलचं घराणं माणदेशातलं, काकांचंही. तिकडे पाणी टँकरने येतं. भरती फक्त नोकरीची असते. कसली नोकरी, हे कुणी विचारलं नाही. वय संपत आलं की विचारत नाहीत.

“रविवारी, आडरानात, जाहिरात न देता,” काका हळूच म्हणाले. त्यांचा जन्म सरकारी कचेरीत गेला होता. “म्हणजे खरीच असणार. पळ!”

धवलने बूट काढून काकूंच्या हातात दिले आणि तो अनवाणी सुटला. काकांनी लगेच फोन लावला.

“वहिनी, धवल भरतीत गेला म्हणून समजा!”

मंडळींनी बांधावरच डबे उघडले. वारा पडला होता. खाजणातले बगळे एकदम उठले आणि न ओरडता गावाच्या दिशेने निघून गेले. कुणीतरी म्हणालं, किती शिस्त आहे बघा. काकू मात्र हातातला घास तसाच धरून पायाखालच्या चराकडे बघत होत्या.

“अहो, हे पाणी मघाशी तिकडे जात होतं ना?”

“मग?”

“आता इकडे येतंय.”

“असेल त्याचं काही काम,” काका म्हणाले.

प्रेमलता घमेलं घेऊन वर आली. काकूंच्या मांडीवरचे बूट तिला दिसले.

“तुमचा पोरगा कुठंय?”

“भरतीत गेला,” काका छाती काढून म्हणाले.

घमेलं तिच्या हातून निसटलं.

“आत? अवो, पानी येतं ना तिथून! समुद्राचं!”

ती होडीसाठी ओरडत गावाकडे पळाली. बांधावरचे सगळे उभे राहिले. परत ये, परत ये म्हणून त्यांनी हात हलवले, नॅपकिन हलवले, एकाने डब्याचं झाकण हलवलं. दूरवर ठिपक्याएवढा धवल थांबला. वळून त्याने पाहिलं. एवढी माणसं आपल्यासाठी उभी आहेत! त्याने हात उंचावला आणि दुप्पट जोराने पुढे पळू लागला. त्याच्यासमोर एक चकचकीत रेघ होती. तीही येत होती, आणि तिला दम लागत नव्हता.

काकांनी मदतीचा नंबर फिरवला.

“आमचा मुलगा भरतीत अडकलाय!”

“कुठल्या खात्याच्या?” पलीकडच्याने जांभई देत विचारलं.

पाणी बांधाच्या पायथ्याशी पोचलं होतं. काकांनी फोन खाली घेतला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि समुद्राकडे तोंड करून, जमेल तितक्या मोठ्याने म्हणाले,

“सदर उमेदवार अद्याप मैदानावर हजर असल्याकारणाने, तो सुखरूप बाहेर येईपर्यंत आजची भरती तात्काळ स्थगित करण्यात यावी, ही नम्र विनंती.”