माल हवेत असेपर्यंत

लोखंडी तुळई हवेत लटकलेली होती आणि नेमका तेव्हाच पुतळ्याच्या खिशातला फोन वाजला.

पुतळा हे त्याचं यार्डातलं नाव. क्रेनवाला उंच केबिनमध्ये बसतो, त्याला खालचं काही ऐकू येत नाही. दिसतात ते फक्त इशारेवाल्याचे हात. म्हणून तिथला नियम असा, की माल हवेत असेपर्यंत इशारेवाल्याचे हात मालाचे. नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. नवशिके घाम पुसायला हात उचलतात आणि माल भलतीकडेच निघतो. पुतळ्याकडून असं कधी झालं नव्हतं. त्याने मूठ आवळून हात वर धरला की हूक जागच्या जागी थांबायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माणसं त्याला चिडवायची.

हे सगळं हातांपुरतं. जीभ मात्र मोकाट होती. कुणाचं जरा चुकलं की माल खाली टेकायचा अवकाश, पुतळा त्याची बिनपाण्याने करायचा. म्हातारा मुकादम आता निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागेवर पुतळ्याचा डोळा होता. सकाळीच मुकादमाने त्याला बाजूला घेऊन सुनावलं होतं.

"तुझ्या हातांबद्दल बोलणंच नको. पण ज्याला स्वतःचं तोंड धरता येत नाही, त्याच्या ताब्यात मी माणसं कशी देऊ?"

ते झोंबलं, कारण घरी बायकोचंही म्हणणं याहून वेगळं नव्हतं.

आता खिशात पाखराची शीळ वाजत होती. ही शीळ बायकोने एकाच नंबराला लावून दिली होती, मुलीच्या. मुलीने नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं, तेव्हा भरल्या घरात पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, "तुझ्यापेक्षा लोखंड बरं. निदान सांगितलेलं ऐकतं." ती ताट सारून उठली आणि सकाळी मावशीच्या गावी निघून गेली. तिथेच कुठेशी नोकरीला लागली. तेव्हापासून ती बोलायची ती आईशी. बायको फोन घेऊन मागच्या खोलीत जायची आणि हा दाराअलीकडे उभा राहून, बायको कुठे हसली त्यावरून मुलगी काय म्हणाली असेल याचा अंदाज बांधायचा. मुलीच्या आवाजासाठी त्याचा जीव तुटायचा. अंघोळीला जातानाही तो फोन बरोबर न्यायचा. शीळ कधी वाजली नव्हती.

तुळईखाली दोघंजण तिची टोकं धरायला उभे होते. पुतळ्याने बोटं खाली केली, सावकाश, नेहमीसारखीच. शीळ वाजत राहिली. आत्ता थांबेल, मग पुन्हा कधीच वाजणार नाही, असं त्याला वाटत होतं आणि त्याचा हात तसूभरही हलत नव्हता. शीळ थांबली. तुळई खाली यायची अजून बाकी होती. ती बसली, साखळ्या सुटल्या, हूक मोकळा झाला, तेव्हा कुठे त्याने खिशात हात घातला. बाजूला उभ्या मुकादमाला त्याचे डोळे भरलेले दिसले.

त्याने उलट फोन लावला. तिने लगेच उचलला.

"माझं नाव दिसलं असेल ना? तरी नाही उचललात," ती म्हणाली. "तुमचा राग अजून आहे तसाच आहे, बाबा."

उत्तर जिभेवर तयार होतं. माल हवेत होता, खाली दोन जीव उभे होते, तुला काय कळतंय त्यातलं? शब्दन् शब्द खरा होता, म्हणून तर गिळायला जास्त जड गेला. त्याने तो गिळला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "त्या दिवशीही माझंच चुकलं होतं."

मग ती हळूच म्हणाली, "आईचा फोन लागत नव्हता, म्हणून तुम्हाला केला. तिला फक्त सांगा, मला फोन कर म्हणून."

एवढंच होतं तर. "सांगतो," तो म्हणाला.

निरोप संपला होता, पण तिने फोन ठेवला नव्हता. पलीकडे नळ वाहत होता, कुणीतरी कपबशी ठेवली. एवढाही आवाज त्याला पुष्कळ होता. तो श्वाससुद्धा जपून घेत होता. नकळत त्याचा दुसरा हात वर गेला आणि मूठ आवळली गेली.

वर क्रेनवाल्याने ती पाहिली. परत निघालेला रिकामा हूक जागच्या जागी थांबला. पुढची तुळई बांधून तयार होती. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यातला एकजण पुतळ्याला हटकायला निघाला, तेव्हा मुकादमाने त्याचा दंड धरला.

"थांब जरा," तो म्हणाला. "त्याचा माल अजून हवेत आहे."