नऊ नोव्हेंबरपर्यंत वैध

ओहायोतल्या टोलेडोत आम्हा सगळ्यांची एक मस्ती आहे: निळा अमेरिकन पासपोर्ट दाखवला की युरोपवाले दार उघडून बाजूला उभे राहतात. मी, रस, त्यातलाच. चाळीस वर्षं लोकांच्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या. नियम मला कुणी शिकवलेले खपत नाहीत.

"सर, मॅडमना या विमानात बसवता येणार नाही," डेट्रॉइट विमानतळावर काउंटरवरची पोरगी म्हणाली.

"का?"

"यांचा पासपोर्ट नऊ नोव्हेंबरला संपतोय."

"मग? आज एकोणतीस ऑगस्ट आहे. घरी कॅलेंडर आहे का तुमच्या?"

"तिकडून निघाल्यानंतरही तीन महिने शिल्लक लागतात, सर. त्यांचा नियम आहे. तुमचा चालेल. यांचा नाही."

माझा चालणार होता, कारण जुना मी दोन वर्षांपूर्वी मासे धरताना तळ्यात घालवला होता. माझ्या बायकोनं, डार्लीननं, तिचा दहा वर्षं जपला. सप्टेंबरात पोरीकडे जायचं ठरलं तेव्हा, एप्रिलमध्येच, ती नव्या पासपोर्टचा अर्ज घेऊन माझ्यासमोर बसली होती. मीच म्हणालो, "तारीख छापलीय ना त्यावर? कशाला उगाच." अर्ज ड्रॉवरमध्ये गेला.

मग ऑगस्टअखेर पोर्तुगालमधून, पोर्तोहून, जावयाचा, नूनोचा, फोन आला. आमच्या पोरीचं, ट्रीनाचं, यकृत संपलं होतं. "आता आठवडे म्हणू नका, बाबा, दिवस म्हणा. दोघंही निघा."

तातडीचा पासपोर्ट मिळतो. पण काउंटरवर उभे होतो तो शुक्रवार, संध्याकाळचे सहा, आणि सोमवारी कामगार दिनाची सुटी; आमच्याकडे तो सप्टेंबरात असतो. पासपोर्ट कार्यालयाच्या फोनवरच्या माणसानं मंगळवार सकाळ दिली, वर "काळजी घ्या" म्हणाला.

डार्लीन ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तिथेच फरशीवर बॅग उघडली, लोकरी मोजे काढले आणि माझ्या बॅगेत कोंबले.

"तिचे पाय गार पडतात. तू स्वतः घाल, नर्सवर सोडू नको."

"मी थांबतो. मंगळवारी दोघं जाऊ."

"गप जा, रस. एकानं तरी जा."

मी गेलो.

पोर्तोच्या इस्पितळात ट्रीनानं डोळे उघडले तेव्हा माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या दाराकडे पाहिलं. "आई?"

"खाली आहे. कागद भरतेय. यांना कागद फार लागतात."

ती हसली. "तू भरतोयस म्हणाला असतास, तर मला काळजी वाटली असती."

नूनोनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

खरं सांगितलं असतं तर चूक कुणाची तेही सांगावं लागलं असतं. भित्रा होतो मी. दुसरं काही कारण नाही, आणि दुसरं कुणी दिलं तर ऐकू नका.

डार्लीनचे फोन यायला लागले. मी व्हरांड्यात जाऊन घ्यायचो.

"तिला दे."

"झोपलीय."

"मघाशीही झोपलीच होती."

"औषधं आहेत गं."

डार्लीन फोनवर आली असती तर ती टोलेडोत आहे हे पोरीला कळलं असतं. म्हणून दोन दिवसांत चार वेळा झोपलीय म्हणालो. आत ट्रीना जागी होती आणि विचारत होती, "अजून किती कागद?" मी म्हणायचो, "येईलच." रविवारी दुपारी ती गेली. तोंड दाराकडे होतं.

मंगळवारी डार्लीनला दोन तासांत पासपोर्ट मिळाला. दोन तासांत.

बुधवारी मी आणि नूनो तिला आणायला गेलो. "अ‍ॅमस्टरडॅमला अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात," ती चालता चालता म्हणाली. "मी म्हटलं, पर्यटन. दुसरं काही बोलले तर पुन्हा अडवतील, असं वाटलं." मग थांबली. "माझ्याबद्दल काय म्हणाली ती?"

मी सगळं सांगितलं. खाली आहे म्हणालो, तेही.

"म्हणजे ती झोपलेली नव्हती."

"नाही."

"चारही वेळा?"

"चारही वेळा."

"पासपोर्टचं मी गिळलं असतं, रस. पण फोन तुझ्या हातात होता. मी तिच्याशी बोलले असते." आवाज चढवला नाही तिनं. माझ्या हातातून बॅग घेतली आणि नूनोच्या गाडीत पुढे बसली.

दफनानंतर मी एकटा परतलो. व्हिसा न काढता तिथे नव्वद दिवस राहता येतं. डार्लीन नव्वदच्या नव्वद राहिली.