छबूच्या लग्नातला अंतरपाट

मित्रांनो, मी एक अंतरपाट आहे. वयाने जुना, अंगाने विरलेला. नवरा-नवरीच्या मधे मला धरतात आणि मंगलाष्टकं संपली की झटकन बाजूला ओढतात. लगेच वाजंत्री वाजते, अक्षता उडतात. माझ्या जाण्याचा लोकांना एवढा आनंद होतो, तरी मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

चौसाळ्याजवळच्या आमच्या गावावर राज्य निजामाचं. पण हुकूम दोघांचे. गढीत अर्जुनराव देशमुख, मठात महंत महाराज. कोष्ट्याने मला विणलं, सवाष्णींनी माझ्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मी मठाच्या पेटीत राहू लागलो. गावातलं प्रत्येक लग्न माझ्याच आड लागे.

एकदा गुरं हाकण्यावरून मठाच्या चेल्याने राधाकिशन नावाच्या कुणब्याचं डोकं फोडलं. देशमुख गरजले, "चेल्याला चावडीवर आणा!" महाराज म्हणाले, "मठाच्या माणसाचा न्याय मठातच होईल." देशमुखांनी मठाचं धान्य बंद केलं. महाराजांनी माझ्या पेटीला कुलूप घातलं. देशमुख अनवाणी येऊन पाया पडेपर्यंत गावात लग्न लागणार नव्हतं.

आणि राधाकिशनच्याच लेकीला, छबूला, हळद लागली होती! युसूफ वडगावहून आलेलं वऱ्हाड वेशीत बसलेलं.

छबूची आई बायनाबाई मठात, लग्न लावणाऱ्या जोशीबुवांकडे धावली. "जोशीबुवा, माजं लुगडं धरा की मधी! कावून अडून बसलात?"

"लुगडं चालतंय, बाई. महाराजांना चालत न्हाई."

ती गढीवर गेली. "सरकार, एक डाव पाया पडा. पोरगी हळदीची हाय."

"अगं, तुज्याच नवऱ्यासाठी भांडायलोय मी!" देशमुख म्हणाले. "आता माघार घेऊ?"

वेशीत नवरदेवाचा बाप बंकट उठला. "आमी काय हितं मुक्कामाला आलोत? तलवाड्याला माज्या मेव्हण्याची पोरगी हाय." वऱ्हाड निघालं. वाजंत्रीवाले वाद्यं काखेत मारून मागोमाग गेले.

पुढे निजामाच्या तालुकदारसाहेबांचा दौरा ठरला आणि दोघांनाही एकदम शहाणपण सुचलं. देशमुख अनवाणी आले. घोड्यापासून मठाच्या पायरीपर्यंत. महाराजांनी त्यांना मिठी मारली. चेल्याचा विषय निघाला नाही.

मग जेवणावळ झाली. बसायला सतरंज्या कमी पडल्या, म्हणून पेटी उघडून मला अंथरलं. माझ्या स्वस्तिकावर एका अंगाला देशमुख बसले, दुसऱ्या अंगाला महाराज. मागच्या दारी छबू भांडी घासत होती. तिच्या नखांची हळद अजून गेली नव्हती. पत्रावळी मांडायला राधाकिशन होता, डोक्याला फडकं बांधलेला.

देशमुखांनी वर पाहिलं. "डोक्याला काय झालं बे?"

राधाकिशनने पुढची पत्रावळ मांडली.

"पडला आसंल," महाराज म्हणाले आणि भातावर तूप ओढून घेतलं.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी मधे याल. तेव्हा वेळेवर बाजूला व्हा, एवढंच मागणं. त्या दोघांनाही मी हेच सांगितलं असतं; पण ते माझ्यावर बसले होते.