पुढची उंची

हाडांची घनता मोजायचं मशीन मी एकोणीस वर्षं चालवते आहे. आधी पेशंटची उंची घ्यायची. तरुणपणीच्या उंचीपेक्षा दीड इंच कमी भरली, तर मणक्यांचा एक्स-रे काढायला सांगायचं. नव्या मुलींना हे मीच शिकवते.

आई घरी शिवणकाम करते. परवा जड इस्त्री उचलताना तिच्या पाठीत लचक भरली आणि ती जमिनीवर बसली, ती उठेचना. म्हणून पहिल्यांदाच माझ्या मशीनवर आली.

"उंची?" मी फॉर्म भरत विचारलं.

"पाच फूट दोन."

भिंतीपाशी उभी केली, तर चार फूट अकरा.

"तुमची पट्टी आखडलीय," ती म्हणाली.

एक्स-रेत तीन मणके पाचरीसारखे चेपलेले दिसले. एक परवाचा, दोन जुने. आम्ही एकाच घरात राहतो. मी रोज तिच्यासमोर बसून जेवते.

डॉक्टरांनी औषध, कॅल्शियम आणि पाठीला पट्टा दिला. "आहे ते टिकवू. चेपलेलं सरळ होणार नाही," ते म्हणाले.

"आणि शिलाई?" आईने एवढंच विचारलं.

"वाकून बसायचं नाही. तीन महिन्यांनी बघू."

घरी आल्यावर पट्ट्यावरून चढेल असा एखादा सैल झगा शोधायला मी तिचं कपाट उघडलं. सगळे तिनेच शिवलेले. एक उलटा केला. पुढच्या बाजूला कमरेच्या शिवणीत दुमड घेतलेली होती, तिच्याखाली आणखी एक. मागची शिवण मात्र उसवून आतलं जादा कापड बाहेर सोडलेलं. जुन्या टाक्यांची भोकं ओळीने दिसत होती. पाठीला बाक येतो तेव्हा माप असंच बदलतं, पुढची उंची घटते आणि मागची वाढते. तिने कपडा शरीराबरोबर फिरवत नेला होता, इतका बेमालूम की अंगावर कुठे चुणी नव्हती. मला ती सरळच दिसत राहिली.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली. स्वतःचं कळणार नाही होय?"

"मग मला सांगायचं नाही? अगं, माझं कामच आहे ते."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू आधी माझ्या शिलाई मशीनवर झाकण घातलं असतंस."

घातलं असतं.

"आणि इतकी वर्षं दूध मला देऊन स्वतः कोरा चहा प्यायलीस. मला वाटायचं, तुला आवडतो."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं." ती जरा हसली, मग पाठ धरून थांबली. "दिव्याखाली अंधार असायचाच, बाई. जाऊ दे. टेप आण. पट्ट्यावरून नवं माप घ्यावं लागेल."

मागची उंची मी वाचली. पुढची वाचताना अर्धा इंच वाढवून सांगितली. एकोणीस वर्षांत मी कुणाचा आकडा बदललेला नव्हता.

"टेप ढिला धरलायस," ती म्हणाली. "नीट बघ."

मी खरा आकडा सांगितला. तिने तो मला लिहायला लावला.

"खालच्या खणात निळं कापड आहे. ते आणि हे माप कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे टाक."

"तीन महिने थांबू या ना. तूच शीव."

तिने माझ्या हातातला टेप घेऊन गुंडाळला.

"त्याला सांग, मागे दोन बोटं कापड आत सोड म्हणावं. लागेल पुढे."