रडायची सवय

भिंगरीची आई हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. परमुलखातून आलेली, इथली भाषा तिला कामापुरती यायची. भिंगरी दीड वर्षाची होईतो सदा कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असायची. आईच्या माणसांत पोर कुरकुरलं की जो जवळ असेल तो उचलायचा, विचार करत बसायचा नाही.

मग आई तिला घेऊन इकडे आली आणि कामावर जाताना पाळणाघरात ठेवू लागली. तिथल्या बाई वेगळ्या मुशीतल्या. त्यांनी आपली मुलं आपल्या पद्धतीने वाढवली होती आणि ती चांगली निघाली होती. "उचललंत की डोक्यावर बसेल," त्या आईला म्हणाल्या. "रडू दे. आपलं आपण गप्प व्हायला शिकणं, हीच तिची गरज आहे."

सुरुवातीला भिंगरी घसा बसेपर्यंत रडली. बाई शेजारच्या खोलीत दार लोटून बसायच्या. त्यांनाही ते ऐकवायचं नाही, पण उठायच्या नाहीत. हळूहळू रडणं ओसरलं. मग थांबलंच.

"बघा, किती शहाणी झाली!"

आईचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी न्यायला गेली की पोर आता हात पसरत नाही, हे तिला दिसत होतं. पण दिवसभर उभं राहून पाय मोडून यायचे, तेव्हा तेही बरंच वाटायचं.

थंडीत एकदा दुपारच्या झोपेनंतर भिंगरीच्या उशीवर पू सांडलेला दिसला.

डॉक्टरांनी कानात बघितलं. "कानामागचं हाड पोखरलंय. कित्येक दिवस ठणकत असणार. रडली कशी नाही?"

"आमच्याकडे कुणी रडत नाही," सोबत आलेल्या बाई बोलून गेल्या. सवयीनं, अभिमानानंच. मग खाली बघत राहिल्या.

शस्त्रक्रिया झाली. त्या कानाचं ऐकणं गेलं.

घरी आणल्यावर आईने तिला मांडीवर घेतलं. "दुखलं की रडायचं, बाळा. मी आहे ना." पोर छताकडे बघत होती. "रड गं!" आईने दंडाला चिमटा घेतला. मग आणखी जोरात. कातडी लाल झाली. भिंगरीने ओठ मिटले, डोळे मिटले आणि चिमटा संपायची वाट बघत राहिली.

आईनेच हंबरडा फोडला. भिंत पातळ होती. शेजाऱ्याने पलीकडून ठोकलं.

रजा संपली. पोरीला ठेवायला दुसरी जागा नव्हती. बाई दारातच उभ्या होत्या, डोळे सुजलेले. "आता मी लक्ष ठेवीन," त्या म्हणाल्या. आईने पोर त्यांच्या हातात दिली आणि कामावर गेली.