उसनी छाती

भाऊजींच्या छातीत दुसऱ्याचं हृदय होतं आणि त्यांच्या मेहुण्याच्या, म्हणजे बारक्याच्या, छातीत त्याचं स्वतःचं. अक्कल मात्र दोघांत मिळून अर्धीच होती.

हृदय बदलून घेतल्यावर भाऊजी पुन्हा सुतारकामाला लागले होते. घरामागेच कारखाना, लाकूड कापायची करवत, पायाखाली भुसा आणि ‘अजून आहे बरं का मी’ हा रोजचा विनोद. मग एकदा फळी धरता धरता ते मटकन खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी, क्षणभरच. बायकोला, म्हणजे बारक्याच्या ताईला, सांगितलं, पाय घसरला. ताई काही दूधखुळी नव्हती. तिने त्यांना डॉक्टरबाईंपुढे नेऊन बसवलं.

“ठोके मधेच बिघडत असतील,” बाई म्हणाल्या. “बदललेल्या हृदयाला बरेचदा दुखत नाही, त्यामुळे तुम्हाला कळणार नाही. ठोके नोंदवणारं हे यंत्र एक दिवस छातीवर राहू दे.”

घरी आल्यावर ताई स्वयंपाकघरात गेली तसं भाऊजींनी बारक्याला कारखान्यात ओढलं.

“यात काही निघालं तर मला करवतीजवळ फिरकू देणार नाहीत. एक दिवस तुझी छाती दे.”

“भाऊजी, ताई सोलून काढेल.”

“तिला कळलं तर ना. एवढा घोडा पोसलाय घरात, कधी कामाला येणार?”

ज्या माणसाने रंधा धरायला शिकवलं त्याला नाही म्हणणं बारक्याला जमलं नाही. शिवाय खरं सांगायचं तर आपल्या दणकट छातीचा त्याला जरा गर्वच वाटला. भाऊजींच्या छातीवरच्या पट्ट्या त्याने स्वतःला चिकटवून घेतल्या आणि वरून सैल शर्ट चढवला. वायरींमुळे तुझी झोपमोड नको, असं ताईला सांगून भाऊजी बाहेरच्या खोलीत झोपले. बारक्याही डाराडूर झोपला.

निकालाच्या दिवशी बहीणभाऊ दोघंच गेले. निकाल चांगलाच येणार हे भाऊजींना ठाऊक होतं, म्हणून ते मजेत करवत सुरू करून कामाला लागले.

डॉक्टरबाईंनी नोंद पाहिली. “हे कोणाचं हृदय आहे?”

ताई हसली. तिला वाटलं, थट्टा आहे.

“बदललेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. ते झोपेतही नव्वदच्या आसपास पळतं. हे तर झोपेत पन्नासवर आलंय. पेशंट कुठे आहेत?”

ताईने भावाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. तिला विचारावं लागलं नाही. दोघं धावत घरी आले तेव्हा करवत फिरत होती आणि भाऊजी भुशात पालथे पडले होते. छातीवर दाब देऊन देऊन बारक्याचे हात भरून आले, पण उपयोग झाला नाही.

मग माणसं भेटायला येऊ लागली. प्रत्येकाला ताई एकच सांगायची, “यंत्र लावलं होतं हो. त्यात काही आलंच नाही.” खोटं तिला कधी जमत नसे, हे मात्र ती न अडखळता बोलायची. नवऱ्याची आणि भावाची अब्रू तिने एकाच वाक्यात झाकली होती. बारक्या शेजारी बसून ते ऐकायचा. लाज वाटायची, तरी खरं सांगायचा नाही.

एक दिवस डॉक्टरबाई आल्या. भाऊजींचे काका तिथेच बसले होते.

“एवढं यंत्र लावूनही कळलं नाही तुम्हाला?” ते म्हणाले. “शिकलात तरी कशाला? आमचा कर्तासवरता पोरगा घालवलात.”

बाईंनी एकदा ताईकडे पाहिलं, मग बारक्याकडे, आणि नजर तिथेच ठेवली. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. आता सांगायचंच, असं त्याने ठरवलं.

“काका,” तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. ताईने मान वर केली.

“पाणी आणू का तुम्हाला?”

काकांनी हो म्हटलं. तो उठला, आणि ताईने तोंड फिरवलं.