भिंतीवर उलटा चालणारा विताले

भर दुपारी पडक्या घरासमोर पन्नास माणसं उन्हात ताटकळत उभी होती. आत एजिदिओ बुवा ज्याचं-त्याचं मेलेलं माणूस भिंतीवर चालवून दाखवत होता.

हे घर इटलीतल्या मातेरा गावाच्या जुन्या रस्त्यावरचं. पूर्वी रस्त्याची डागडुजी करणारे तिथं राहायचे. नवा रस्ता झाला, माणसं गेली, पायऱ्या फोडून अंजीर उगवला, वेलींनी खिडक्या बुजवल्या. अशा घरांचे फोटो काढायचा मला वीस वर्षांचा नाद.

त्या दिवशी शेजारच्या रोक्किना मावशीसोबत मीही आत गेले. तिचा मुलगा विताले ऐन तिशीत मोटारसायकलवरून पडून गेला होता. "आत्म्याला भेटायचं तर रक्त शुद्ध हवं. सुया बंद!" एजिदिओनं तिला बजावलं होतं. मधुमेहाची बाई, आठवडाभर इन्सुलिन नाही.

घोंगडी सोडून दार झाकलं. काळोखात समोरच्या भिंतीवर आकाश खाली, रस्ता वर. आणि लाल सदऱ्यातला कुणी डोकं खाली करून चालत आला. त्यानं हात हलवला.

"स्वर्गातून बघितलं की आपणच उलटे दिसतो, माझ्या भगिनींनो!" एजिदिओ गरजला. "बोलावतोय तो!"

"येते रे बाळा," मावशी पुटपुटली. ओठ कोरडे पडले होते तिचे.

मी मागे वळले. खिडकीच्या फळीला नाण्याएवढं गोल भोक. एप्रिलमध्ये मी काढलेल्या फोटोत ही फळी धड होती.

"बघत राहा गं सगळ्या," म्हणत मी बाहेर पडले. रस्त्याकडेच्या झाडाआड एजिदिओचा मेव्हणा रेमिजिओ लाल सदऱ्यात सिगारेट ओढत होता. त्याला दंडाला धरून उन्हात ओढला.

आत एकच गलका. "अगं बाई, ही तर आपली फोटोवाली नुन्त्सिया! उलटी लोंबकळतेय!"

"आणि हा मेला रेमिजिओ!"

मी परत येऊन सांगितलं, "उजेड सरळ जातो. बारीक भोकातून आत शिरताना वरचा खाली येतो, खालचा वर जातो. माझा कॅमेराही असलाच अंधारा डबा आहे. यात ना आत्मा, ना स्वर्ग."

एजिदिओ केव्हाच झुडपांतून पसार झाला होता.

"हात हलवला होता गं त्यानं," मावशी म्हणाली.

"रेमिजिओनं, मावशी."

ती उठली, भोकावर तळहात ठेवला. भिंत काळी झाली. "चेहरा विसरत चालले होते त्याचा. तुझ्याकडे असेल ना एखादा फोटो?"

माझ्याकडे हजारो पडक्या भिंती होत्या. शेजारचा विताले एकदाही नव्हता.

"नाही गं, मावशी."

तिला तशीच दवाखान्यात नेली. जीव वाचला, डाव्या पायाची बोटं गेली.

पोटचा पोर गेल्याच्या दुःखावर औषध नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते देतो म्हणणारा कुणी भेटला, तर रडता-रडता का होईना, एवढं विचारा: उजेड कुठून येतोय?